बिल्ला नंबर तेहतीस हजार चौदा

त्र्यंबक खानझोडे यांच्याविषयी बालाघाटात आजही कुणी वाईट बोलत नाही आणि मला त्याचा राग येतो. ते स्वतः मात्र बोलायचे. चहा पिता पिता मध्येच थांबून म्हणायचे, "माझी चूक फार मोठी आहे हो." मग समोरचा घाईघाईने म्हणायचा, छे छे, तुम्ही तर देवमाणूस. एकदा देवमाणूस म्हणून टाकलं की पुढचं ऐकून घ्यावं लागत नाही. मी ते शेवटपर्यंत ऐकलेलं आहे आणि त्यातला थोडा वाटा माझाही आहे, म्हणून लिहिते.

आमच्या घरात सगळे सरकारी नोकर. वडील कचेरीत, काका कोर्टात, मोठा भाऊ जंगल खात्यात. १९८५ साली मी मँगनीजच्या खाणी चालवणाऱ्या एका कंपनीच्या बालाघाट ऑफिसात ऑपरेटर म्हणून लागले, तेव्हा आईने आठ दिवस कुणाला सांगितलंच नाही. कंपनीच्या चार खाणी, सगळ्या जिल्ह्यातल्या जंगलात. मोठं ऑफिस जबलपूरला. कॉम्प्युटर मात्र बालाघाटला, कारण खाणी इथून जवळ. एका खोलीत ते यंत्र, भिंतीत घरघरणारा एसी, आणि चपला बाहेर काढून आत बसलेले खानझोडे. मी पहिल्या दिवशी चपलांसकट आत गेले तर ते असे दचकले, की मला वाटलं यंत्रच बिघडलं.

उंच, किडकिडीत माणूस. खिशात दोन पेन्सिली आणि एक खोडरबर. गणितात एम.एस्सी., तेही पहिल्या वर्गात, आणि वडिलांच्या मागे बालाघाट सोडायचं नाही म्हणून मोठ्या शहरांतल्या नोकऱ्या नाकारलेल्या. आवाज कधी चढायचा नाही. कुणी काही मागितलं तर आधी हो म्हणायचे आणि मग कसं करायचं ते शोधायचे. असल्या माणसाबरोबर काम करणं सोपं असतं असं लोकांना वाटतं. करून बघा.

खाणीतल्या सगळ्या कामगारांची माहिती त्यांनी यंत्रात घातली. प्रोग्राम सी नावाच्या भाषेत. सगळा त्यांनी एकट्यानेच लिहिला नव्हता. हजेरीचा भाग एका खाणीवरच्या माणसाने, कंदिलाच्या खोलीचा दुसऱ्याने, दवाखान्याचा जबलपूरच्या माणिकरावांनी, क्वार्टरांचा आणखी कुणी, आणि तिसऱ्या खाणीपुरता वेगळा भाग तिथल्याच एका मुलाने. एकमेकांना तुकडे पाठवायचे ते फ्लॉपीवर, पाकिटात घालून, छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरो गेजच्या, गाडीच्या गार्डाच्या हाती. प्रत्येकाकडे आपापली प्रत आणि प्रत्येकाला आपली प्रत खरी वाटायची. सगळे तुकडे एकत्र बांधायचं काम खानझोड्यांचं. दोनशे बारा फायली होत्या. मला आकडा पाठ आहे, कारण पुढे त्या मीच मोजल्या.

या सगळ्यात खानझोड्यांना अभिमान होता तो एका यादीचा. दर फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये जबलपूरहून तीन डॉक्टरांचं बोर्ड खाणींवर यायचं. धुळीत काम करणाऱ्यांना तपासायचं आणि ज्याच्यात काही आढळेल त्याला ड्रिलवरून काढून वर उघड्यावर हलकं काम द्या असं लिहायचं. बोर्डाचा कागद असला तर मॅनेजरला ऐकावंच लागे, नसला तर कुणाच्या बापाचं ऐकत नसत. पूर्वी बोर्डाची यादी हाताने व्हायची आणि तीत हलकं काम मिळावं म्हणून धडधाकट भाचेजावई बसायचे. खानझोड्यांनी ती यंत्राकडून करून घेतली. कोण किती दिवस धुळीत होता ते बघून यंत्रच नावं काढी. शिवाय आमचे मोठे साहेब भोजराज यांच्याकडून त्यांनी लेखी आदेशच काढवला, की छापील यादीत हाताने एकही नाव घालायचं नाही. त्या दिवशी त्यांनी सगळ्या ऑफिसला कलाकंद वाटला. म्हणाले, "आता यंत्राला मामा नाही आणि काका नाही."

आता बिल्ल्याविषयी सांगते. खाणीत माणूस लागला की त्याला पितळेचा बिल्ला मिळे, त्यावर नंबर. खाली उतरताना कंदिलाच्या खोलीच्या खिडकीत बिल्ला द्यायचा आणि कंदील घ्यायचा, वर आल्यावर कंदील द्यायचा आणि बिल्ला घ्यायचा. संध्याकाळी खिडकीत बिल्ला उरला तर माणूस खाली उरला. कंपनी सुरू झाल्यापासून चारही खाणींत एकच रीत होती, की गेलेल्याचा नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही. कुणी म्हातारपणी घरी गेला, कुणी छत कोसळून गेला, नंबर त्याच्याबरोबर संपला. बिल्ला घरी जाई. बायका तो देवाजवळ ठेवत. त्यामुळे नंबर नुसते वाढत गेले. पंचाहत्तर वर्षांत एकही नंबर मोकळा झाला नाही.

खानझोड्यांनी प्रोग्राम लिहिला तेव्हा शेवटचा नंबर बत्तीस हजार दोनशेच्या आसपास होता. नंबर ठेवायच्या जागेला त्यांनी नाव दिलं बिल्ला आणि जागा घेतली लहान मापाची. त्या मापात बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंतच आकडा मावतो. हे त्यांना माहीत होतं. वर्षाला पाच-पन्नास माणसं लागतात, दहा वर्षं काळजी नाही, तोवर नवीन यंत्र येईल, असा हिशेब. डिस्कवर जागा कमी, म्हणून आणखी एक हुशारी केली. गेलेल्या माणसासाठी वेगळी खूण न ठेवता त्याच्या नंबरामागे उणे लावायचं. उणे दिसलं की माणूस गेला असं समजून सगळे भाग त्याला वगळत. पाचही जणांना ही युक्ती इतकी आवडली की सगळ्यांनी आपापल्या भागात तीच वापरली.

मग ८६ साली बोरीटेकडीच्या खाणीत नवीन तोंड, म्हणजे खणायची नवी जागा, उघडलं आणि एका हंगामात आठशे माणसांची भरती झाली. नावं मीच टाइप केली. बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या पुढचीही मीच केली. यंत्राने काही कुरकुर केली नाही. पगार अजून हातानेच होत होता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत एक बाई ऑफिसात आली. तीस-बत्तीसची, हिरवं लुगडं, पायात धुळीने भरलेल्या स्लीपर. बोरीटेकडी खाणीवरून दोन बसा बदलून आली होती. नाव मैनाबाई मेश्राम.

"बाई, डाक्टरची यादी तुमीच काढता काय जी?"

"हौ," मी म्हटलं.

"मंग माह्या माणसाचं नाव काहून येऊन नाई राह्यलं? ड्रिलवरचे सारे जुने लोक दाखवून आले. हा दोनदा राह्यला. त्याचे हात थरथरते. चालतानी चवड्यावर चालते, मांगं सरकाले गेला का पडते."

तिचा नवरा महागू दारातच उभा होता. चौतीस वर्षांचा, अंगाने चांगला. आधी सहा वर्षं ठेकेदाराकडे दगड फोडायला, मग ८६ च्या भरतीत कायम झालेला. तो खानझोड्यांकडे बघून हसत होता. खानझोडे चष्मा पुसत आले, त्यांनी ते हसणं बघितलं आणि त्यांना लागलं. त्यांना कुणी हसलेलं चालत नसे.

"हसायला काय झालं?" ते म्हणाले.

मैनाबाई मध्ये आली. "तो हासत नाई जी. त्याचं तोंडच तसं होऊन राह्यलं. रडाचं असलं तरी हासते. परवा माही सासू गेली, मयतीत सारे लोक याच्याकडे पाहून राह्यले."

 महागूने खिशातून बिल्ला काढला, पण तो टेबलावर ठेवता ठेवता दोनदा सुटला. तिसऱ्यांदा मैनाबाईने त्याच्या हातातून घेतला आणि माझ्यासमोर ठेवला. तेहतीस हजार चौदा. मी नंबर दाबला. पडद्यावर नाव आलं, खाण आली, काम ड्रिलवरचं, आणि पुढे स्थिती: गेलेला.

मी खानझोड्यांकडे बघितलं. त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा इतका उतरला, की मी त्यांना खुर्ची दिली.

"काय लिहून आहे जी?" महागूने विचारलं.

"चूक आहे," खानझोडे म्हणाले. "आमची चूक आहे. मी दुरुस्त करतो. चार दिवस द्या."

चार दिवस असं ते खरोखर म्हणाले. मी तिथेच होते.

काय झालं होतं ते त्यांना तासाभरात कळलं. मला त्यांनी असं सांगितलं: पायलीत पायलीभरच धान मावतं, पण धान वर सांडतं आणि दिसतं. इथे सांडत नाही. माप भरलं की आकडा उलटून उण्यात जातो. बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या पुढचा प्रत्येक माणूस यंत्राच्या हिशेबी उणे होता, म्हणजे गेलेला. असे तीनशे अकरा जण निघाले. सगळे जिवंत, सगळे नवीन तोंडाच्या धुळीत.

"मग माप मोठं करा," मी म्हटलं. मला काय, सोपं वाटलं.

त्यांनी केलंही. आपल्या फायलींत बिल्ल्याचं माप मोठं केलं, सगळं बांधलं आणि यादी छापली. यादीत सगळ्या कामगारांचं वय शून्य आलं आणि विभागाच्या जागी बेचाळीस, एकोणतीस, पन्नास असे आकडे. मी हसले. ते हसले नाहीत. खाणीत माणसं ओळीने उभी राहून घमेली पुढे देतात, तसे प्रोग्रामचे भाग एकमेकांना आकडे देतात, ते म्हणाले. मी मोठं घमेलं दिलं, माणिकरावांच्या भागाने लहान समजून घेतलं. अर्धं उरलं ते त्याने पुढचं घमेलं समजून घेतलं, म्हणून वयाच्या जागी शून्य आणि विभागाच्या जागी वय. आणि यंत्र अवाक्षर बोलत नाही. बदलायचं तर सगळ्यांनी, दोनशे बारा फायलींत, एकाच दिवशी. नाहीतर तीनशे माणसांसाठी नऊ हजारांची माहिती नासायची.

फेब्रुवारीचं बोर्ड तीन आठवड्यांवर आलं होतं. खानझोडे भोजराज साहेबांकडे गेले आणि म्हणाले, या वेळी तीनशे अकरा नावं हाताने घालू द्या. मी कागद घेऊन मागे उभी होते. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी कपाटातून आदेश काढला आणि खानझोड्यांपुढे ठेवला.

"खानझोडेजी, यह आदेश तो आप ही ने निकलवाया था। आज तीन सौ नाम हाथ से जोड़ूँ, तो कल तीन सौ भतीजे खड़े हो जाएँगे। यह भी आप ही ने कहा था।"

 मॅनेजरला सांगून महागूला वर घ्यावं, तर मॅनेजर म्हणाले बोर्डाचा कागद आणा. बालाघाटच्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी स्पष्ट लिहून दिलं की मँगनीजची धूळ अंगात गेली आहे, याला ताबडतोब ड्रिलवरून काढा. मॅनेजरांनी ती चिठ्ठी वाचली, घडी घालून परत दिली. बाहेरच्या डॉक्टरची चिठ्ठी चालत नव्हती. खानझोड्यांनी महागूला सरळ सांगितलं, कामावर जाऊ नकोस. तो म्हणाला, "सा वर्सं ठेकेदाराचा मार खाल्ला, सायेब, तेव्हा हा बिल्ला भेटला. घरी बसलो तं उद्या दुसऱ्याले देतीन माही जागा." आणि तसाच हसत राहिला. फेब्रुवारीचं बोर्ड आलं आणि गेलं.

मग खानझोड्यांना एक उपाय सुचला, आणि तो सुचला नसता तर बरं झालं असतं. महागूला लहान नंबर द्यायचा. बत्तीस हजारांच्या आत मोकळा नंबर एकही नव्हता, गेलेल्यांचे मात्र हजारो होते. त्यातला एक घ्यायचा, उणे काढायचं, महागूचं नाव टाकायचं, दुसरा बिल्ला पाडायचा. यंत्राला काय कळतं? एका शनिवारी आम्ही दोघं बोरीटेकडीला गेलो. वाटेत वारासिवनीला बस बदलताना ते म्हणाले, "एक माणूस तरी सुटेल." मला ते पटलं. मीही त्याच गावची बाभळ.

महागूच्या क्वार्टरीपासून चार घरं सोडून सत्यभामाबाई राहायची. तिचा नवरा १९६१ साली छताखाली गेला, नंबर अकरा हजार दोनशे सात, तोच आम्हाला हवा होता. मैनाबाई आम्हाला तिच्याकडे घेऊन गेली, महागूही सोबत आला. म्हातारीने आम्हाला चहा दिला, गूळ घालून. खानझोड्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे खिडकीवर रोज त्याचा नंबर पुकारतीन?"

"हो," खानझोडे म्हणाले.

"आन् संध्याकाळी बिल्ला खिडकीत राह्यला तं माह्या दारावर येतीन का याच्या?" तिने महागूकडे बोट केलं. "माहा माणूस एकदा गेला, सायेब. एकदाच जाऊ द्या."

महागूच उठला. "नाई पायजे मले," तो म्हणाला. "मेलेल्याचा बिल्ला घेऊन खाली कोन उतरंल? संगवाले माह्यासंगं पाळीत उतरनार नाईत."

खानझोडे हळूच म्हणाले, "महागू, यंत्रात तू तसाही..." आणि थांबले. वाक्य पुरं झालं नाही, पण मैनाबाईला कळलं. तिने खानझोड्यांकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. 

आता सरळ रस्ताच उरला. सगळ्या फायली बदलायच्या. त्यांनी पाचही ठिकाणी पत्रं लिहिली. एका खाणीवरचा माणूस नोकरी सोडून गेला होता आणि त्याच्या भागाचा फक्त छापील कागद उरला होता. तो मी पुन्हा टाइप केला, अठ्ठेचाळीस पानं. दुसऱ्याने लिहिलं, मार्चनंतर बघू. मार्चनंतर लिहिलं, पावसाळ्यानंतर बघू. जबलपूरच्या माणिकरावांनी उत्तरच दिलं नाही, तेव्हा खानझोडे छोट्या लाइनच्या गाडीने जाऊन त्यांच्या खोलीबाहेर बाकावर तीन दिवस बसले. चौथ्या दिवशी माणिकरावांनी आत बोलावलं आणि विचारलं, "खानझोडे, तुमच्या तीनशे माणसांसाठी माझी नऊ हजार बिघडली, तर जबाबदार कोण?" मी माणिकरावांना पुष्कळ शिव्या दिल्या आहेत, पण त्यांचा प्रश्न खरा होता.  खानझोडे म्हणाले, "मी." त्यावर माणिकराव म्हणाले, "तसं लिहून द्या." ते लिहून द्यायला, त्यावर वरच्या सह्या व्हायला नोव्हेंबर उजाडला. ऑगस्टचं बोर्ड मधल्या मध्ये येऊन गेलं.

या सगळ्या महिन्यांत मैनाबाई दर पंधरा दिवसांनी यायची. आधी महागूला घेऊन, मग एकटी, कारण त्याला बसच्या पायऱ्या चढवेनात. खाली उतरायला मात्र तो जातच होता. सोबती त्याला धरून खाली नेणाऱ्या पिंजऱ्यात चढवत. ती पायरीवर बसायची आणि विचारायची, "झालं काय जी?" खानझोडे तिच्यासमोर उभे राहून काय काय उरलं ते सगळं सांगायचे, किती फायली झाल्या, किती राहिल्या. तिला त्यातलं काही कळत नसे. एकदा मी रागावून म्हटलं, "तिला आकडे कशाला सांगता? होणार नाही म्हणून सांगा." ते म्हणाले, "होणार नाही असं कसं सांगू? होण्यासारखं आहे ना." तेच तर वाईट होतं. अशक्य असतं तर माणूस रडून मोकळा झाला असता.

एकोणनव्वदच्या फेब्रुवारीसाठी दिवस ठरला. बोर्ड येण्याच्या आदल्या सोमवारी सगळे भाग एकदम बदलायचे. खानझोड्यांनी दोनशे बारा फायलींत बिल्ला हे नाव यंत्राकडून शोधवलं, अकराशे सव्वीस ठिकाणी निघालं, एकेक ठिकाण पेन्सिलीने खूण करून तपासलं. मी वाचायची, ते खूण करायचे. एकही सुटलं नाही. सोमवारी सकाळी बांधलं, यादी छापायला लावली, आणि त्या तीनशे अकरांतली नावं एकामागून एक येऊ लागली. खानझोडे प्रिंटरजवळ उभे राहून कागद हातावर झेलत होते. महागू मेश्राम आलं तेव्हा त्यांनी मला बोलावून दाखवलं.

मग तिसऱ्या खाणीची पानं आली. वय शून्य, वय शून्य, वय शून्य.

तिसऱ्या खाणीचा भाग मोतीलाल नावाच्या माणसाने लिहिला होता. साधा, कामसू मुलगा. पण त्याच्या खाणीवर बिल्ल्याला बिल्ला म्हणत नाहीत, टिकट म्हणतात. म्हणून त्याने आपल्या फायलींत नावही टिकट ठेवलं होतं, चाळीस ठिकाणी. आम्ही बिल्ला शोधत होतो. टिकट आमच्यापैकी कुणी शोधलंच नाही. त्याच्या फायली आम्ही तपासल्या, त्यात बिल्ला निघाला नाही, आणि आम्ही म्हटलं चला, इथे काम कमी. चौदा वर्षं कंपनीत काढलेल्या खानझोड्यांना ठाऊक होतं तिकडे टिकट म्हणतात म्हणून. मलाही ठाऊक होतं. ध्यानात आलं नाही, बस.

ते दुरुस्त करायला दोन दिवस पुरले असते. पण दुपारीच जबलपूरहून फोन आला: जुना प्रोग्राम परत लावा, जुनी यादी पाठवा, पुढील आदेशापर्यंत कशालाही हात लावू नका. माणिकरावांकडे ती लेखी जबाबदारी होतीच. खानझोड्यांनी जुना प्रोग्राम स्वतःच्या हाताने परत लावला. जुनी यादी छापली. त्यात तीनशे अकरा नावं नव्हती. ती पाकिटात घालून पाकीट मला दिलं आणि म्हणाले, "अलकनंदाबाई, हे तुम्ही देऊन या. माझ्याने होत नाही." ते खोलीत चपला घालून बसले होते, हे बाहेर पडताना माझ्या लक्षात आलं.

पुढील आदेश जूनमध्ये आला. टिकटाची चाळीस ठिकाणं बदलली, सगळं पुन्हा बांधलं, पुन्हा तपासलं. जुलैत नवीन प्रोग्राम लागला आणि नीट चालला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चालणाऱ्या गोष्टीकडे कोण बघतं? ऑगस्टच्या यादीत एकूणएक नावं होती, प्रत्येकाचं वय बरोबर, विभाग बरोबर. चार दिवसांचे एकोणीस महिने झाले होते.

बोर्ड बोरीटेकडीच्या दवाखान्यात बसलं. हजर माणसांवर खुणा करायला मी गेले होते, आणि खानझोडे कुणी बोलावलं नव्हतं तरी आले. व्हरांड्यात माणसं ओळीत उभी होती. तेहतीस हजार चौदा पुकारलं तेव्हा महागूला मैनाबाई आणि एक सोबती असे दोघं धरून घेऊन आले. आता त्याला बोलताही येत नव्हतं धड, शब्द तोंडातच राहत. चेहरा तोच, हसरा.

डॉक्टरांनी त्याला शर्ट काढायला लावला, चालायला लावलं, मागे सरकायला लावलं. सोबत्याने धरला म्हणून पडला नाही. बोट नाकाला लाव म्हटलं तर बोट कानाकडे गेलं. डॉक्टरांनी पेन ठेवलं.

"इसको अब ला रहे हो? डेढ़ साल पहले लाते तो धूल से निकाल लेते, बहुत कुछ बच जाता। अब ऊपर का काम भी क्या करेगा?"

"आमी तं येतच होतो जी," मैनाबाई म्हणाली. "यादीत नाव नोतं."

खानझोडे पुढे झाले. "डॉक्टर साहब, गलती इनकी नहीं है। सूची मेरी थी। गलती मेरी है।" हे त्यांनी मोठ्याने सांगितलं, सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं. डॉक्टर लिहीत होते. त्यांनी मान हलवली, कागदावर 'कोणत्याही कामास असमर्थ' असं लिहून सही केली आणि पुढचा नंबर पुकारला. तेहतीस हजार पंधरा. तो माणूस आत आला, आणि त्याच्याही हातात कंप होता, पण थोडा.

महागू बाकावर बसला होता, उघडा. शर्ट मांडीवर. खानझोडे त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले, शर्ट उचलला, त्याचे हात एकेक करून बाह्यांत घातले आणि बटणं लावायला लागले. पहिलं बटण काजात जाईना. त्यांनी पुन्हा लावून बघितलं. बटण हातातून निसटत होतं. महागू त्यांच्याकडे बघत होता. ओळीतली माणसंही बघत होती.

मैनाबाईने त्यांचा हात बाजूला केला.

"सोडा जी," ती म्हणाली. "मले सवय झाली."